मास्तरांची दाढ

सहदेवने ट्रम्पेटची फुंकणी काढली, मागच्या नळीला डोळा लावला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. नळी मोकळी होती.

"बघ, मास्तर आधी नळी बघतात," बाळा जयवंतला म्हणाला. "आपण नुसती चमक बघून उचलला."

नळी सहदेव कशासाठी बघतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

रविवारची सकाळ होती. जोगेश्वरीच्या त्या चाळीत दत्तारामच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा होतकरू कलावंत मांडी घालून बसले होते. दत्ताराम साकीनाक्याला बाटल्यांच्या कारखान्यात होता. बाकीचे असेच कुठे कुठे. चाळीचा स्वतःचा बँड काढायचा हे गणपतीतच ठरलं होतं आणि बँड कसा काढावा हे विचारायला चाळीत एकच माणूस होता. दत्ताराम चाळीस पानी वही उघडून बसला होता.

"लिही," सहदेव म्हणाला. "आधी ताशेवाला धर. सूर चुकला तर लोक नाचतात, ठेका चुकला तर थांबतात. दुसरं, पहिली वरात आपल्या चाळीत घेऊ नका. वाकोल्याला घ्या, लांब. इथे चुकलात तर म्हातारे होईपर्यंत ऐकवतील."

सगळे हसले.

"घोड्याच्या पुढे भोंगा नको, घोडा बुजतो. वाजवायच्या आधी लिंबूसरबत नाही, ओठ आखडतात. आणि वाटेत कुणाच्या दारात तिरडी दिसली तर पुढच्या नाक्यापर्यंत गप्प चालायचं. नवरदेवाचा बाप कितीही ओरडू दे."

दत्ताराम भराभर लिहीत होता. सल्ला अगदी सोळा आणे खरा होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोन वर्षं रांगेत चालताना सहदेवने डोळे आणि कान उघडे ठेवले होते. तेवढंच त्याच्या हातात होतं.

गिरणी बंद पडल्यावर तो अंधेरीच्या एका बँडवाल्याकडे हमालीचं काही मिळतं का बघायला गेला होता. बँडवाल्याने त्याची उंची पाहिली आणि लाल कोट अंगात चढवला. गिऱ्हाइकाला एकवीस माणसं दिसायला लागायची, वाजवणारे असायचे तेरा. उरलेल्या आठांनी वाद्य तोंडाला लावून, गाल फुगवून चालायचं. चुकून आवाज निघू नये म्हणून नळीत फडक्याचा बोळा. सहदेव त्या आठांतला. मग एका वरातीत नेमका चाळीवरूनच रस्ता निघाला. सगळी चाळ कठड्याला लागली आणि फुगलेल्या गालांचा सहदेव बघून पोरंटोरं ओरडली, "मास्तर!" तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तो हसला. त्या हसण्याची लाज त्याला रोज वाटायची, रोज कुणीतरी मास्तर म्हणायचं आणि रोज तो ओ द्यायचा.

"पण मास्तर," जयवंतने विचारलं, "लोकांना रांगा भरलेल्या लागतात. आपण तर सहाच."

"त्यात काय?" बाळा म्हणाला. "पाचसहा बुजगावणी उभी करायची कोट घालून. मोठे बँडवाले तेच करतात यार. कोणाच्या बापाला कळतंय?"

खोलीभर हशा पिकला. सहदेव सगळ्यांत मोठ्याने हसला. चहाचे कप गोळा करणारी त्याची बायको, नलिनी, तेवढी हसली नाही.

दत्तारामच्या आईने, जानकीकाकूंनी, देवापुढे निरांजन लावलं आणि नारळ पुढे ठेवला.

"चला मास्तर, पहिला सूर तुमचा," दत्ताराम म्हणाला. "मग नारळ."

आज नुसता सल्ला द्यायचा आहे असं धरून सहदेव आला होता. फुंकणी बसवायला त्याने होता होईल तेवढा वेळ लावला. मग ट्रम्पेट ओठांना टेकवला. गाल सवयीने फुगले. आत बोळा नव्हता आणि मागे तेरा माणसं नव्हती. बाहेर नळावरच्या बायकांची भांडीसुद्धा नेमकी थांबली.

"आज नको," नलिनी म्हणाली. "त्यांची दाढ ठणकता हा दोन दिस. रात्री झोप नाय. फुंकूक लावू नको रे त्यांका."

"अरे, मग बोलायचं ना मास्तर!" दत्ताराम ओशाळला.

नलिनीने काकूंच्या डब्यातून एक लवंग घेतली आणि सहदेवच्या तळहातावर ठेवली. त्याच्याकडे पाहिलं नाही. सहदेवच्या बत्तीसच्या बत्तीस दाढा-दात धड होते. उसाचं कांडं तो अजून दातांनी सोलायचा.

त्याला तो बोळा आठवला. वरात संपली की घाईत तो कोटाच्या खिशात राहायचा, थुंकीने ओला. कोट नलिनी धुवायची. पुढच्या वरातीला खिशात हात घातला की बोळा धुतलेला, वाळलेला, चौकोनी घडी केलेला असायचा. दोन वर्षं. तिने विचारलं नाही आणि आपल्याला एकदाही शंका आली नाही. चाळीने मास्तर म्हटलं की हीही कठड्याशी उभी असायची. तिच्यासमोर आपण ओ देत होतो. आता तर तिलाही खोटं बोलावं लागलं होतं.

त्याने लवंग दाढेखाली धरली.

"तूच फुंक," काकू दत्तारामला म्हणाल्या. "मुहूर्त टळेल."

दत्तारामने ट्रम्पेट घेतला. पाय फाकवून, मान मागे टाकून तो अगदी तसाच उभा राहिला, जसं त्याने वरातीत सहदेवला पाहिलं होतं. गाल टम्म फुगवले. नुसती हवा फुसफुसत बाहेर आली. बाळा फिस्सकन हसला. दत्तारामने आणखी फुगवले, डोळे लाल झाले, आवाज नाही.

"मास्तर, तुमच्यासारखेच तर फुगवतोय!"

सहदेवने नलिनीकडे पाहिलं. तिने मान किंचित हलवली, नको अशी.

त्याने लवंग तोंडातून काढली.

"गाल आत घे," तो म्हणाला. "ओठ आवळ. वाजवणारा गाल फुगवत नाही, दत्ताराम."

"पण तुम्ही तर..."

"हो," सहदेव म्हणाला. "मी फुगवायचो."

दत्तारामच्या हातातला ट्रम्पेट हळूहळू खाली आला. बाळाने मान खाली घातली. सहदेवने वही पुढे ओढली आणि कोरं पान काढून दत्तारामपुढे ठेवलं.

"हेही लिही," तो म्हणाला.