झुंबरची कातरवेळ

दिवेलागणीच्या सुमाराला अंगणात पाण्याची घागर आपटली आणि ठमाबाई घरातूनच कडाडली, "फोडलीस व्हय गं? डोळं कुठं ठिवलंस?"

सून उत्तर देईना. सणसर गावातल्या त्या घरात सुनेनं सासूला उत्तर द्यायची पद्धत नव्हतीच म्हणा. पण ठमाबाई बाहेर आली, तर पोटुशी झुंबर, पंधरा वर्षांची पोर, खापरांमध्ये गुडघे टेकून जमीन चाचपत होती. उंबरा हाताच्या अंतरावर होता आणि ती गोठ्याकडे सरकत होती.

"झुंबर, हिकडं बघ माझ्याकडं."

तिनं मान वर केली, पण नजर भलतीकडेच. मग तिला रडूच कोसळलं. "आत्याबाई, अंधार पडला का मला काय दिसतच न्हाय. दिवाळीपास्नं. मला म्हायेरी धाडू नगा."

ठमाबाई तोंडाची तिखट. आख्खी आळी तिला वचकून असे. पण आता ती खापरांतच सुनेशेजारी खाली बसली. स्वतःच्या पहिल्या खेपेला ठमाबाईचंही हेच झालं होतं. तिच्या सासूनं त्याला कामचुकार पोरीचं सोंग म्हटलं. मूल जन्मलं ते मूठभर. पाचवी पुजली आणि बारशाआधीच ते गेलं. त्याला नावही ठेवता आलं नाही, हे तिला अजून सलत होतं.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईच्या लेकानं, झुंबरच्या नवऱ्यानं, सोपाननं, बारामतीच्या बाजाराला निघालेल्या भाजीच्या गाडीत दोघींना बसवलं. मेथीच्या जुड्यांवर ओली गोणपाटं टाकलेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झुंबरच्या पापण्या वर करून पाहिल्या.

"पालेभाजी खाते का ही?"

"पोटुशीला पाला? पोराला वायू धरतो," ठमाबाई म्हणाली. "मीच देत न्हाय."

डॉक्टरांनी खिडकीतून मेथीनं भरलेल्या गाडीकडे पाहिलं, ते हसले, आणि मग त्यांचं हसू ओसरलं. "रातांधळेपणा आहे हा, व्हिटॅमिन 'ए' कमी पडलंय. आईलाच नाही, तर बाळाला कुठून मिळणार? माशाचं तेल माझ्याकडे संपलंय. पालेभाजी द्याच, पण दिवस भरत आलेत. लवकर गुण हवा तर बकऱ्याची कलेजी खायला घाला."

ठमाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. घरी येताच तिनं माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि विठोबाला म्हणाली, "तुला पटलं तर बघ, न्हाय तर ऱ्हाऊ दे." मग तडक चाँदभाई खाटकाच्या दुकानात गेली.

"आक्का, वाट चुकला काय?" चाँदभाई सुरी ठेवून उभाच राहिला. मागणी ऐकल्यावर हळूच म्हणाला, "तुमी जावा. फडक्यात झाकून मीच आणून देतो. कुणाला कळायचं न्हाय."

"झाकून कशापायी? माझी सून हाय ती."

पळसाच्या पानात कलेजी घेऊन ती भर आळीतून चालत गेली. बायका दारादारात आल्या. त्यांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

परसात तीन दगड मांडून तिनं ती शिजवली. मीठ किती घालायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं. झुंबरनं वाडगं पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"आत्याबाई, तुमचा धरम..."

"माझं मी बघीन. तू गीळ."

पहिला घास ठमाबाईनं आपल्या हातानं भरवला. पुढे कलेजी मिळेल तेव्हा कलेजी आणि रोज मेथीची भाजी, असे काही दिवस गेले.

एका संध्याकाळी अंधार पडला होता, दिवा अजून लावायचा होता. परसात झुंबर जेवत होती आणि सासू थोडी लांब, भिंतीला टेकून बसली होती. आपल्यालाही तेव्हा असं कुणी भरवलं असतं तर, असं ठमाबाईच्या मनात आलं आणि तिचे डोळे वाहू लागले. हुंदका मात्र तिनं बाहेर फुटू दिला नाही.

झुंबरनं वाडगं खाली ठेवलं. मध्ये पडलेलं जळण ओलांडून ती सरळ तिच्यापाशी आली आणि पदरानं तिचे डोळे पुसले.

"रडू नगा, आत्याबाई."

ठमाबाईनं तिचा हात तसाच आपल्या गालावर धरून ठेवला.