खेळलेल्यांची बादली

वैशालीने चौदा नंबरचा शर्ट उलटा केला, काखेपाशी नाक नेलं आणि मान डोलावली. मग तो खिडकीच्या उजेडाला धरला. पुढून शर्ट असा, की जणू नुकताच इस्त्रीवाल्याकडून आलाय. चिखलाचा शिंतोडासुद्धा नाही. आतून मात्र पाठभर घाम वाळला होता आणि त्याच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती. खांद्याशी कापड ताणलं जाऊन चार बोटांची चुरगळ राहिली होती. समोरच्या स्ट्रायकरने वैतागून धरून ओढलं असणार.

"तो कशाला धुतेस?" पलंगावरून बुधाजी म्हणाले. "नुसता अंगात घालून फिरला तो. घडी करून ठेव."

बुधाजी तिचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, निम्मं आयुष्य गिरणीत गेलेलं. परळच्या नवयान स्पोर्ट्स क्लबमध्ये ते पहिल्या दिवसापासून होते, आणि पहिल्या दिवसापासून क्लबचे शर्ट याच घरात धुतले जात होते. आधी सासूबाई, म्हणजे राधाबाई धुवायच्या. त्या गेल्यावर, आता चौदा वर्षं, वैशाली. राधाबाईंनी दोन बादल्यांचा नियम घालून दिला होता. मैदानात उतरलेल्याचा शर्ट खेळलेल्यांच्या बादलीत. बाकावर बसून राहिलेल्याचा शर्ट दुसऱ्या बादलीत, तो धुवायचा नाही, फक्त वारा देऊन घडी करायचा. उगाच धुतला की निळा रंग उतरतो, असं त्यांचं म्हणणं. चाळ जाऊन टॉवर आला, घरात वॉशिंग मशीन आलं, पण बादल्या काही हलल्या नाहीत.

वैशालीने चौदा नंबर कुठल्याच बादलीत टाकला नाही. एका पिशवीत घातला. त्याच पिशवीत चार नंबरचा शर्ट घातला. तो चिखलाने इतका कडक झाला होता की नीट दुमडेना. चार नंबर सम्यकचा होता. सम्यक तिचा मुलगा, वय तेवीस, क्लबच्या फुटबॉल टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा शेवटचा अडवणारा, आणि अख्ख्या वाडीचा लाडका.

"आणि हा का नाही धुतलास?" बुधाजींनी विचारलं.

"बुधवारी सांगते, आबा."

बुधवारी क्लबची बैठक होती आणि विषय एकच होता, दिनेश कोळीला सम्यकच्या जागी घ्यायचं की नाही. दिनेश माझगावचा. घरचा मासळीचा धंदा. चौदा वर्षं तो भंडारवाडा बॉईजकडून खेळला आणि त्या चौदाही वर्षांत नवयानच्या लोकांनी त्याला मनापासून शिव्या दिल्या. गेल्या वर्षी भंडारवाडा बॉईज खालच्या गटात घसरले, पोरं पांगली, क्लबला कुलूप लागलं. दिनेश मोकळा झाला. नवयान स्वतः घसरता घसरता एका गोलाने वाचला होता, त्यामुळे ते कुलूप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. रविवारी एक मैत्रीचा सामना ठेवून दिनेशला चौदा नंबरचा शर्ट देऊन सम्यकच्या जोडीला उतरवलं होतं. नवयान एक-शून्यने जिंकलं. आणि सामना संपल्यावर मळका मान नेहमीप्रमाणे सम्यकला मिळाला.

मळका मान ही बुधाजींची कल्पना. गिरणीतून सुटून मैदानावर येणाऱ्या पोरांत काही अंग राखून खेळत. त्यांना लाज वाटावी म्हणून त्यांनी सुरू केलं होतं, की सामना संपल्यावर ज्याचा शर्ट सगळ्यात मळका त्याला मधोमध उभा करायचा, टाळ्या वाजवायच्या आणि पहिला अंडापाव त्याच्या हातात द्यायचा. गेल्या मोसमात सम्यकने नऊ अंडापाव खाल्ले. त्या नऊपैकी सहा सामने क्लब हरला होता. अंडापाव सगळ्यांच्या लक्षात होते, सामने एकट्या वैशालीच्या.

बुधवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर तीसेक माणसं जमली. दिनेश लांब, फाटकापाशी उभा राहिला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय तिथे जाऊन बसणं त्याला बरं वाटेना.

"छत्तीस वर्षांचा आहे तो," तात्यांनी तोंड उघडलं. तात्या क्लबचे सेक्रेटरी आणि त्यांचा आवाज असा, की माइक दिला तर माइक घाबरावा. "आपल्याला डिफेंडर पाहिजे का वॉचमन?"

हशा झाला.

"तात्या, रविवारी आपल्यावर किती गोल झाले?" नूपुरने विचारलं. नूपुर बँकेत नोकरी करायची आणि एकही सामना चुकवायची नाही.

"समोरची टीमच फालतू होती."

"त्याच फालतू टीमने ऑगस्टमध्ये आपल्याला तीन मारलेत."

"अगं, त्याचा शर्ट बघितलास का? इस्त्री मोडली नव्हती! नव्वद मिनिटं उभा राहून नुसता ओरडत होता, 'डावीकडे जा, मागे ये'. आपला सम्यक बघ. जीव टाकतो पोरगा. चिखलात लोळून उठतो. त्याला बाकावर बसवायचं आणि भंडारवाड्याच्या म्हाताऱ्याला उतरवायचं? आपली काय इज्जत आहे की नाही?"

आता हशा झाला नाही, टाळ्या झाल्या. सम्यक शेवटच्या पायरीवर बसला होता. त्याने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

वैशाली उठली. एरवी बैठकीत ती फारशी बोलत नसे.

"चौदा वर्षं तुमचे शर्ट धुतेय. आज दोन तसेच आणलेत."

तिने पिशवी उघडली आणि दोन्ही शर्ट ओट्यावर पसरले. आधी चार नंबर.

"चिखल कुठे लागलाय बघा. सगळा पुढे, पोटापासून छातीपर्यंत. का? तर बॉलवाला पुढे निघून गेल्यावर हा त्याच्यामागे घसरत जातो. तुम्ही बाजूला बसून टाळ्या वाजवता. मी आपल्या गोलमागे उभी असते. मला समोरून येणाऱ्या स्ट्रायकरचं तोंड दिसतं. तो हसत येत असतो, तात्या."

तिने चौदा नंबर पुढे सरकवला.

"आता हा. बाहेरून नको, आतून हात लावून बघा. पळलाय माणूस. पडायची पाळी आली नाही, कारण बॉल यायच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा. खांद्याजवळ बघा, कुणीतरी ओढलाय. मागे पडलेल्याला कोण कशाला धरेल? वाटेत उभा राहिलेल्यालाच धरतात."

"वैशाली," तात्यांनी आवाज खाली आणला, "तो चार नंबर तुझ्या पोराचा आहे."

"मला नका सांगू. मीच धुते तो."

सगळ्यांचं लक्ष बुधाजींकडे गेलं. मळका मान त्यांचा, नातू त्यांचा. म्हाताऱ्याने चौदा नंबर ओढून मांडीवर घेतला, उलटा केला आणि त्या पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग अंगठा जिभेला लावला.

"गिरणीच्या खात्यात दहा तास काढले की आमचा शर्ट असा व्हायचा," ते म्हणाले. "मळ नसायचा. कापसाचं तूस, आणि हे मीठ."

आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागोमाग नूपुरचा गेला, मग एकेक करत बाकीच्यांचे. सगळ्यात शेवटी तात्यांनीही वर केला, पण कोपर अंगाला चिकटवून. सम्यकचा हात मोजायचा राहिला, कारण तो पायरीवर नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर तो एवढंच बोलला, "आई, घरातली गोष्ट घरात बोलायची होतीस."

"घरात नऊ वेळा बोलले. तू अंडापाव खात होतास."

त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. जेवायला बसायचा, ताट घासून ठेवायचा, कामावर जायचा, सरावाला जायचा, पण तिच्याशी शब्द नाही. वैशालीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. भाजी निवडताना मधेच हात थांबायचा. पण आपण चुकलो, असं तिला एकदाही वाटलं नाही. क्लबला कुलूप लागलं असतं तर हेच पोरगं कुठल्या मैदानावर गेलं असतं?

दिनेशने चार नंबर घेतला नाही. "तो त्याचाच राहू दे, वहिनी," शर्ट घ्यायला दारात आला तेव्हा तो म्हणाला. "मला चौदा लागू पडलाय." जाताना त्याने पुढे केलेली पापलेटची पिशवी वैशालीने घेतली नाही. बुधाजींनी घेतली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मोसमातला पहिला सामना झाला. ऊन असं, की मैदानाची माती पांढरी पडलेली. वैशाली नेहमीच्या जागी, आपल्या गोलमागे उभी राहिली. एक गोष्ट तिने मनाशी पक्की केली होती, की बाकाकडे बघायचं नाही. नव्वद मिनिटं तिने एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही. समोरून येणाऱ्या स्ट्रायकरचं तोंड तेवढं बघितलं. पहिल्या दहा मिनिटांत तो हसत होता. अर्ध्या तासाने त्याने दिनेशला शिवी दिली. दुसऱ्या हाफमध्ये तो पंचांशी भांडायला लागला. नवयान एक-शून्यने जिंकलं.

मळक्या मानाची वेळ झाली तेव्हा बुधाजी अंडापाव घेऊन उभे राहिले आणि एकेकाचा शर्ट निरखत गेले. कुणाच्याच शर्टावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. दोनदा ओळीवरून चक्कर मारून झाल्यावर त्यांनी अंडापाव स्वतःच खाल्ला, आणि टाळ्या त्यालाच झाल्या.

संध्याकाळी घरी वैशालीने शर्टांची थैली जमिनीवर रिकामी केली. खेळलेले बाजूला काढले, बादलीत टाकले. बाकावरच्यांचे चार शर्ट उरले. त्यातल्या चार नंबरची आधीच नीट घडी घातलेली होती. सम्यकनेच घातली होती. तो न्हाणीघरात होता, आतून पाण्याचा आवाज येत होता.

वारा द्यायला म्हणून तिने तो शर्ट उचलला, आणि हाताला तो जड लागला. ओलसर होता. तिने घडी मोडली, शर्ट उलटा केला, काखेपाशी नाक नेलं. मग दिव्याखाली धरला. पाठीवर, घाम सुकत आला होता तिथे, कडेने पांढरी रेघ उमटायला लागली होती.

"आबा, सम्यकला शेवटी उतरवला होता का?"

"नाही," बुधाजी म्हणाले. "पण तू कुठे बघितलंस त्याच्याकडे? बाकावर टेकला नाही पोरगा. दिनेश जिकडे सरकेल तिकडे हा, रेषेच्या बाहेरून. तो मागे की हा मागे, तो डावीकडे की हा डावीकडे. लाइन्समनने दोनदा हाकलला."

"त्याला बघत होता?"

"त्याच्याबरोबर खेळत होता. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत."

न्हाणीघरातला नळ बंद झाला.

"आई," आतून सम्यकचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्याने ही हाक मारली होती. "माझा नको धुवूस. मी खेळलो नाही."

दोन्ही बादल्या वैशालीसमोर होत्या. तिने चार नंबर खेळलेल्यांच्या बादलीत टाकला, चौदाच्या वर, आणि पाणी सोडलं.