घरी भाजलेला हात

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबलचक खोली मनात आणा. छतापर्यंत वाफ भरलेली. एका टोकाला मोठाली धुलाईयंत्रं घरघरताहेत, दुसऱ्या टोकाला एक भलामोठा गरम रूळ फिरतो आहे. दवाखान्यांतल्या ओल्या चादरी एका बाजूने त्याच्याखाली जातात आणि दुसऱ्या बाजूने कोऱ्या कागदासारख्या कडक होऊन बाहेर पडतात. दिसली खोली? आता तिच्या कोपऱ्यातलं लहानसं दार उघडा. आत एक बाई दुसऱ्या बाईचा हात नळाखाली धरून उभी आहे.

"हलवू नकोस गं. अजून थोडा वेळ."

"मावशी, नुसती आग आग होतेय."

"होणारच. रूळ आहे तो, उशी नाही."

हात धरणारी ती पट्टीमावशी. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं. धुलाई कारखान्याच्या या खोलीत मलमपट्टी करता करता तिचे केस पिकले होते. हात भाजलेली बाई रुळावर चादरी सरकवायची. सगळे तिला मुंगीची आई म्हणत. मुंगी म्हणजे तिची मुलगी, अंगाने एवढीशी आणि सदा काही ना काही उचलून नेत असणारी.

रुळाखाली हात जाऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते. पण जाळी लावली की चादरी अडकतात, काम रेंगाळतं. म्हणून मुकादमाने ती काढून भिंतीला टेकवली होती. लोक तिच्यावर पिशव्या अडकवत.

मुकादम दारात आला. "फार नाही ना?"

"फोड आलेत. डॉक्टरकडे पाठवायला हवं. बरेच दिवस काम जमणार नाही."

"मग नेहमीसारखं लिहा. आणि तू गं, डॉक्टरने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, पोरीने विचारलं, तरी एकच सांगायचं. उगाच पाय फुटायला नकोत गोष्टीला."

नेहमीसारखं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. कामावर कुणाला दुखापत झाली की मालकाने ती वहीत नोंदवायची असते, आणि मोठी असेल तर सरकारी तपासणी कचेरीला कळवायची असते. का? तर कुणीतरी येऊन काय बिघडलंय ते बघावं आणि पुढच्याचा हात वाचावा. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी मिळते तीही त्या नोंदीच्या आधारावर. पण या कारखान्याची रीतच निराळी पडली होती. इथे कुणाला काही लागतच नसे, ज्याला त्याला घरीच लागायचं. कुणी घरच्या जिन्यावरून पडे, कुणाचं बोट घरच्या दारात चेमटे. चादरी पांढऱ्या करायच्या हौदावरच्या ब्लीचिंगवाल्याला तर घरच्या धुराने खोकला जडला होता, आणि त्याच्या घरी धूर होईल असं काहीच नव्हतं.

"घरी जपून जा रे बाबांनो, तिकडे फार धोका असतो," असं तो सुटीच्या वेळी खोकत खोकत म्हणायचा आणि सगळे हसायचे.

कारखान्यात अपघात दिसले तर दवाखान्यांचं कंत्राट जाईल आणि सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल, असं कारखान्याचे साहेब सांगत. ते अगदीच खोटंही नव्हतं. म्हणून मावशी लिहीत आली होती. आजही तिने लिहिलं, 'घरी इस्त्री करताना हात भाजला.' सही केली. पेनाला टोपण लावलं.

काही दिवसांनी संध्याकाळी ती पट्टी बदलायला मुंगीच्या घरी गेली. मुंगी खाटेला टेकून गृहपाठ करत होती. अंगातला गणवेश पार चुरगळलेला.

"अगं बाई, हे काय ध्यान! गणवेश उशीखाली घेऊन झोपतेस की काय?"

मुंगीने वहीत डोकं खुपसलं.

"रोज असंच चाललंय," आई म्हणाली. "शेजारच्या काकू इस्त्री करून देते म्हणाल्या, तर देत नाही. आमची इस्त्रीही कुठे गेलीय कोण जाणे. शाळेत बाई ओरडल्या, तरी ही ढिम्म."

मुंगीने पेन्सिलीचं टोक चावलं. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, मला आता कधीच इस्त्री नको. त्या दिवशी शाळेत जाताना मी पाय आपटले, दुसरा गणवेश कडक करून ठेव म्हणून. आई म्हणत होती उशीर होतोय. तरी मी ऐकलं नाही. घरी आले तर तिच्या हाताला ही एवढी पट्टी."

आईने पट्टीचा हात पदराखाली घेतला. मावशीच्या हातातली पट्टी सुटून खाटेखाली गडगडत गेली. काढायला ती वाकली, तर ट्रंकेमागे टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वायर बाहेर आली होती. मावशीने त्याला हात लावला नाही.

निघताना आई दारापर्यंत आली. "काय करायचं, मावशी?"

"तू सांग. हात तुझा, नोकरी तुझी."

आई वळून पोरीच्या पाठीकडे बघत राहिली. "लिहा खरं काय ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने वही साहेबांपुढे ठेवली. जुनी ओळ वाचता येईल अशी एका रेघेने खोडलेली. तिच्याखाली, 'रुळाला जाळी नव्हती. चादर सरकवताना हात भाजला.'

"मावशी, इतक्या वर्षांनी हे काय सुचलं तुम्हाला?"

"साहेब, तिकडे एक पोर स्वतःला गुन्हेगार समजून बसलीय. कचेरीला कळवायचं पत्र आणलंय. सही हवी."

"आणि नाही केली तर?"

"तर माझ्या सहीने जाईल."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले दिसले. "कंत्राट गेलं तर या सगळ्यांना तोंड तुम्ही दाखवा."

"दाखवीन."

सही दुपारी झाली. मुकादमाने जाळीवरच्या पिशव्या उतरवल्या आणि जाळी रुळापुढे बसवली. तो मावशीशी बोलला नाही. चादरी आता अडकत होत्या, त्यामुळे बरेचजण बोलले नाहीत. ब्लीचिंगवाला तेवढा दारात येऊन खोकत उभा राहिला.

"मावशी, माझीही एक ओळ आहे त्या वहीत."

"बैस," मावशी म्हणाली आणि तिने वही उघडली.

संध्याकाळी ती मुंगीसमोर जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले.

"मुंगे, आईचा हात इस्त्रीने नाही भाजला. कारखान्यातल्या रुळाने भाजला. खोटं मी लिहिलं होतं."

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

"मग माझ्यामुळे नाही?"

"नाही गं, बाळा."

"मग तुम्ही खोटं का लिहिलंत?"

कंत्राट, साहेब, सगळं मावशीच्या ओठांवर आलं. "चुकले," एवढंच ती म्हणाली.

मुंगी उठली. खाटेखाली शिरली आणि दोन्ही हातांनी इस्त्री ओढत बाहेर आली. तिला ती जड जात होती, पण आई पुढे झाली तशी तिने मान हलवली. टॉवेल सोडला, इस्त्रीचा गार पत्रा फ्रॉकच्या टोकाने पुसला, वायर नीट गुंडाळली. मग चवड्यांवर उभी राहून तिने इस्त्री फळीवर तिच्या जागी ठेवली.