बिनरेघेचे शब्द

घशाच्या डॉक्टरांनी बाईंच्या तोंडातून छोटा आरसा बाहेर काढला आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल."

बाईंना काळजी लागली, पण ती आवाजाची नव्हे. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा वीस दिवसांवर आली होती. आपण बोललो नाही तर मुलं करणार काय, एवढाच विचार घरी जाताना त्यांच्या डोक्यात घुमत होता. महिनाभर घरात शांतता असणार हे कळल्यावर नवऱ्याने चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला, पण बाईंना हसू आलं नाही.

विज्ञानाच्या या बाईंना शाळेत सगळे 'कर्णा' म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांचा आवाज तीन वर्ग ओलांडून जाई. "पुस्तकं मिटा, माझ्याकडे बघा," असं म्हणून त्या धडा असा समजावत की कुणाला पुस्तक उघडायची गरजच पडत नसे. मग फळ्यावर मुद्दे येत आणि महत्त्वाच्या शब्दांखाली लाल खडूची रेघ. "तपासणारा रेघेचे शब्द शोधतो. तेवढे पाठ करा, बाकीचं भरताड असतं." प्रयोगशाळेतही तीच तऱ्हा. आता बाटली उचला, आता ओता, आता थांबा. अडतीस जोड्या हात एका आवाजावर हलत. बारा वर्षांत त्यांचं एकही मूल नापास झालं नव्हतं आणि एकाचंही बोट भाजलं नव्हतं. पालक खूश होते. त्या पालकांत तुम्हीआम्हीही आलोच. मुलाला मार्क पडले की त्याला वाचून कळतं का, हे आपण तरी कधी विचारतो?

सोमवारी बाई गळ्यात पाटी अडकवून प्रयोगशाळेत आल्या. फळ्यावर त्यांनी कृती लिहिली: 'संहत आम्लात पाणी कधीही घालू नये. आधी पाणी घेऊन त्यात आम्ल थेंबाथेंबाने घालावे व काचकांडीने ढवळावे.' सवयीने 'संहत आम्लात', 'पाणी' आणि 'ढवळावे' यांखाली लाल रेघाही मारल्या. मग पाटीवर लिहिलं, 'वाचा आणि करा.'

मुलं बाईंच्या ओठांकडे बघत राहिली. मग एकाने वही काढली, दुसरीने काढली, आणि सगळ्यांनी फळा उतरवून घ्यायला सुरुवात केली. बाईंना हायसं वाटलं. वाचतायत म्हणायची.

पहिल्या टेबलावर मुंगी होती. ती वर्गात पहिली यायची. बारीक चणीची, खाली मान घालून सतत काम करणारी, म्हणून मुंगी. बाई मागच्या भिंतीपाशी काचनळ्या मोजत होत्या, तेव्हा त्यांची नजर सहज तिच्याकडे गेली आणि तिथेच खिळली. मुंगीसमोरच्या चंचुपात्रात पाण्यापेक्षा दाट काहीतरी होतं. आम्लाची बाटली उघडी होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, तो कलत होता, आणि ती अगदी वाकून, तोंड पात्रावर नेऊन बघत होती.

बाईंनी तोंड उघडलं. घशातून फक्त हवा निघाली.

त्या धावल्या. मधे पाच टेबलं होती. एक स्टूल पडलं, कुणाचा तरी खांदा लागला. पेल्यातलं पाणी पडायला आणि बाईंनी मुंगीला ढकलायला एकच गाठ पडली. पात्रात तडतड झालं, वाफ उसळली, बाईंच्या मनगटावर आगीसारखे थेंब उडाले. मुंगी खाली बसली होती. चेहरा ठीक होता, डोळे ठीक होते. बाईंनी मान वर करून पाहिलं. आणखी नऊ टेबलांवर पात्रांत आधी आम्लच ओतलेलं होतं, आणि नऊ हात पाण्याकडे निघाले होते.

बाईंनी पडलेलं स्टूल उचलून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. हात थांबले.

नळाखाली मनगट धरून बाई उभ्या होत्या. शेजारी मुंगी वही घेऊन उभी होती. बाईंनी दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं, 'वाचलं का नाहीस?'

"वाचलं होतं, बाई," ती रडवेली होऊन म्हणाली. "उतरवूनसुद्धा घेतलं. हे बघा ना."

वहीत मोत्यासारख्या अक्षरात अख्खं वाक्य होतं. रेघाही होत्या, बाईंनी मारल्या तिथेच. 'कधीही घालू नये' हे शब्द मात्र बिनरेघेचे होते.

"मी रेघेचे शब्द बघितले. आम्ल, पाणी, ढवळा," मुंगी म्हणाली. "बाकीचं भरताड असतं असं तुम्हीच..."

शिक्षकांच्या खोलीत भाषेचे सर बाईंच्या हाताला मलम लावत होते. बाईंचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता, आणि घाबरलेल्या माणसाला आधी दुसऱ्याची चूक दिसते. त्यांनी डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं, 'दहावीच्या मुलांना दोन वाक्यं वाचता येत नाहीत! तुम्ही शिकवता काय?'

सर चिडले नाहीत. "मुंगीने शनिवारी माझ्या तासाला एक कथा वाचली. वाचता वाचता डोळे पुसले तिने," ते म्हणाले. "तिला वाचता येतं, बाई. पण कथेतलं एखादं वाक्य निसटलं तर कुणाचा डोळा जात नाही. तुमची कृती तशी वाचून चालत नाही. तिथे थांबायचं, क्रम लावायचा, काय करायचं नाही ते आधी हुडकायचं. हे मी कसं शिकवू? संहत म्हणजे काय, हे मलाच धड माहीत नाही. नकाशा वाचायला भूगोलवाल्यांनी शिकवायला हवं, गणितातलं शाब्दिक उदाहरण गणितवाल्यांनी, आणि हे तुम्ही."

'मी सगळं समजावून सांगते,' बाईंनी लिहिलं.

"तेच म्हणतोय. तुमच्या वर्गात वाचणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. बाकी अडतीस जण नुसते ऐकतात. आज तुम्ही धावलात. उद्या ही पोरगी कारखान्यात असेल, दवाखान्यात असेल, घरी आजारी बापाला औषध देत असेल. तिथे कोण धावणार आहे?"

ती नऊ टेबलं बाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मग त्यांनी पदराने पाटी पुसली आणि लिहिलं, 'कसं शिकवू?'

दुसऱ्या दिवसापासून कृतीचे कागद आले, एकही रेघ नसलेले. नियम एकच होता: शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सगळी कृती सांगितल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. काय करायचं, काय करायचं नाही आणि का, तिन्ही सांगायचं. भाषेचे सर शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि खरोखरच न कळलेलं विचारत. मग मुलं सांगत, संहत म्हणजे कडक, पाणी घालून सौम्य केलं की विरल. सरांना समजावताना मुलांना स्वतःलाच कळायला लागलं. पण वेळ फार जाई. एक कागद वाचायला अख्खा तास. मुख्याध्यापिका दारातून डोकावून घड्याळ बघून जात. मुंगी चार दिवस टेबलापासून हातभर लांब उभी राहिली आणि पाचव्या दिवशी कुठे जवळ आली. बाईंना रोज वाटे, यापेक्षा आवाज गेला तरी चालेल, पण एकदा सरळ सांगून टाकावं.

परीक्षेच्या सकाळी बाईंनी स्वतः टेबलं लावली. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी बाईंना बाहेर जायला सांगून दार लावून घेतलं. बाई खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

प्रत्येकाला वेगळ्या प्रयोगाची कार्डं वाटली गेली. पाच मिनिटांत सगळ्यांचे हात कामाला लागले. मुंगीचे हात मांडीवर होते.

ती कार्ड वाचत होती. मग बाटलीकडे बघत होती. पुन्हा कार्ड. दहा मिनिटं झाली. बाईंना राहवेना. पोरगी घाबरली, गोठली, आणि हे आपल्यामुळे. समोर तर आहे बाटली, उचल ना. काचेवर टकटक करावी, ओरडावं, आवाज गेला तर जाऊ दे. त्यांनी श्वास भरून घेतला. तेवढ्यात मुंगीने हात वर केला.

परीक्षक कपाळाला आठ्या घालून तिच्यापाशी गेले. दार लावलेलं असलं तरी तिचा बारीक आवाज बाहेर ऐकू आला. "सर, कार्डावर विरल आम्ल लिहिलंय. या बाटलीच्या चिठ्ठीवर संहत आहे. मी ही घेणार नाही."

परीक्षकांनी बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि रुमालाने कपाळ पुसलं.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. मुंगीच्या टेबलावरची ती बाटली त्यांनीच ठेवली होती, फळीवरच्या नेहमीच्या जागेवरून उचलून. चिठ्ठी वाचली नव्हती. बारा वर्षांत कधीच वाचली नव्हती.

परीक्षा सुटल्यावर मुंगी बाहेर आली. "भीती वाटत होती, बाई," ती म्हणाली. "म्हणून तीनदा वाचलं." बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मग रडून घेतलं.

वाचकहो, वाचायला शिकवणं हे भाषेच्या एका तासाचं काम आहे, असं मानून आपण सगळे मोकळे होतो. ते प्रत्येक तासाचं काम आहे. आकडे, नकाशे, कायदे, औषधं, यंत्रं, प्रत्येकाची लिहायची रीत निराळी, आणि ती वाचायची कशी हे ज्याचा विषय त्यानेच शिकवायला हवं. आपल्या मुलाला किती मार्क पडले हे जरूर विचारा, पण धड्यातली चार ओळींची कृती त्याला एकट्याने वाचून करता येते का, हे आधी बघा.

महिन्याने बाईंचा आवाज परत आला, घोगरा, पहिल्याच्या निम्मा. शिक्षकांच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा तो ऐकायला सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

"परीक्षेच्या दिवशी मला आवाज असता," त्या म्हणाल्या, "तर मी खिडकीतून ओरडले असते, घाबरू नकोस, समोरची बाटली घे म्हणून. आणि तिने माझं ऐकलं असतं."