माझ्या नावावरचं ऊन

मी पायरॅनोमीटर बोलतोय. नावाला बिचकू नका हो, काम साधं आहे. ऊन मोजायचं. धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावी, शाळेमागे लोखंडी खांबावर बसलोय. डोक्यावर काचेची वाटी, पोटातून निघालेली एक तार.

शाळेत खिचडी शिजवणारी मंगलीबाई पाच वर्षं रोज सकाळी शिडी चढून पदरानं माझी काच पुसायची. "कसा हायेस रे बाबू?" म्हणायची. मला बोलता येत नाही, पण आकडा तारेतून गडचिरोलीच्या सौर ऊर्जेच्या ऑफिसात पोचायचा. तेवढ्यावर मी खूश होतो.

गेल्या पावसाळ्यात खारीनं तार कुरतडली. नवी तार येईल म्हणून वाट पाहिली, तर ऑफिसातला राजदीप आला तो हात हलवत.

"बाई, आता काच पुसाले येऊ नका. कॉम्प्युटरात न्यूरल नेटवर्क बसवलं. याचेच जुने आकडे शिकवले त्याले. इथलं तापमान अन् मूल-चंद्रपूरचं ऊन पाहून तेच इथलं ऊन सांगते."

"अन् हा?"

"राहू द्या. कोनाले खाते का?"

घ्या! माझ्याच आकड्यांवर शिकला आणि मलाच अडगळीत टाकलं. हुशार असेलही तो, मी नाही म्हणत नाही. पण बाई येईनाशी झाली. काचेवर धूळ, पाखरांची शीट. फार एकटं वाटतं हो.

मग चैत लागला. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. यंदा वारा पडला आणि धूर आठ दिवस गावावरच बसून राहिला. उकाडा तोच, ऊन मात्र पार फिकं. मूल-चंद्रपुरात आकाश स्वच्छ असेल, तर त्या कॉम्प्युटरला हे कळावं कसं? तो माझ्या नावावर लख्ख ऊन लिहीत बसलाय. माझं जाऊ द्या, पण याच आकड्यांवर गावच्या पाण्याचा सौर पंप ठरायचा आहे. ऊन भरपूर आहे असं धरून कमी ताकदीचा बसला, तर ऐन चैतात हंडे रिकामे राहतील.

आज मंगलीबाई आली. मोहाची टोपली खाली ठेवून शिडी चढली, काच पुसली.

"राजदीपभाऊले फोन केला होता म्या. म्हटलं, ऊन फिक्कं हाय, पंप चालन का यावर? हासला. म्हने, बाई, आकडा चांगला येऊन राह्यला." मग माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "तूच सांग बाबू त्याले. माह्यं कोन आयकते?"

मोजलं बाई, आठही दिवस मोजलं. वीतभर तार तुटली आहे, म्हणून कोणापर्यंत पोचलं नाही. पंप बसायच्या आधी तेवढी कोणी जोडून द्या हो.