जरा जिवंत स्पीकर दाखवा

"जरा जिवंत स्पीकर दाखवा," कुशनकाका दुकानाच्या मालकीणबाईंना म्हणाले. "आमचे मेलेत."

मालकीणबाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढून कानामागे लावली. चाळिशीच्या, शांत बाई. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मान तिरकी करून ऐकायच्या.

"मेलेत म्हणजे वाजत नाहीत?"

"वाजतात हो. पण गोधडी पांघरून वाजल्यासारखे वाजतात. व्हायोलिन लावलं तर व्हायोलिन आहे एवढं कळतं. वाजवणाऱ्याचा हात कसा आहे ते कळत नाही. मला हात ऐकायचाय."

मालकीणबाईंना हे गिऱ्हाईक आवडलं. बाकीचे येतात ते किती वॅट विचारत येतात.

कुशनकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. सोफे, खुर्च्या, गाद्या, पलंगाच्या पाठी, जे काही मऊ करता येईल ते त्यांनी चाळीस वर्षं मऊ केलं होतं, आणि सगळा मोहल्ला त्यांना कुशनकाका म्हणत होता. माणूस सरळ. सोफा दुरुस्तीच्या लायकीचा नसेल तर तोंडावर सांगायचे, हातचं काम गेलं तरी चालेल. त्यांच्या लेकीला त्यांचा हाच गुण हवा होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

लेक दुसऱ्या शहरात राहायची, व्हायोलिन वाजवायची. मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळावी म्हणून दोनदा परीक्षा देऊन आली होती. दोन्ही वेळा नकार आला, आणि दोन्ही वेळा कागदावर एकच शेरा होता: हात जड. आता तिसरी आणि शेवटची खेप पुढच्या आठवड्यात होती. तिने आपल्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग बाबांच्या फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "बाबा, तुम्ही खोटं बोलत नाही. नीट ऐका आणि रविवारपर्यंत सांगा. तुम्हालाही हात जड वाटला तर मी परीक्षेला जात नाही. शाळेत शिकवायची नोकरी मिळतेय, ती घेते."

काकांनी फोन घरच्या अँप्लिफायरला जोडला, ठरलेल्या खुर्चीत बसले आणि चार वेळा ऐकलं. काही कळेना. हेडफोन लावून बघितले, तर पाच मिनिटांत त्यांचा जीव गुदमरला. स्पीकर पंचवीस वर्षांचे होते. म्हाताऱ्या स्पीकरच्या भरवशावर पोरीच्या आयुष्याचा निकाल लावायचा नाही, असं म्हणून ते सकाळीच दुकानात आले होते.

मालकीणबाईंनी तीन जोड्या दाखवल्या. काकांनी आधी त्या ऐकल्याच नाहीत, तपासल्या. खोक्याला बोटाच्या पेराने टकटक केलं, समोरचं कापड चिमटीत धरून बघितलं, कोपऱ्यातला डिंक नखाने खरवडला.

"हे कापड कुणी ताणलंय? आडवं ताणलंय. सहा महिन्यांत झोळ येईल."

"काका, कापड काढूनही ऐकता येतं."

"ते ठीक आहे. पण झोळ येईल."

मग ऐकणं सुरू झालं. पहिली जोडी धष्टपुष्ट होती, खालचे सूर जमिनीतून यायचे, पण व्हायोलिन तिला जेमतेम पेलायचं. दुसरी बरी होती. तिसरी काळी, अंगाने किडकिडीत, आणि तिच्या वरच्या टोकाला रुपयाएवढी चंदेरी वाटी. "उंच सूर या वाटीतून येतात," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीचं रेकॉर्डिंग लावलं.

काकांनी कान टवकारले. पोरीने श्वास घेतलेला ऐकू आला. खुर्ची करकरली ती ऐकू आली. गज तारेवर टेकला तो क्षणसुद्धा वेगळा ऐकू आला. त्यांना इतकी गंमत वाटली की वाजवणं कसं आहे हे ऐकायचं राहूनच गेलं.

"परत लावू?"

"नको. इथे हे दुसऱ्याच कुणाचं वाटतंय. तिला मी आमच्या घरात ऐकत आलोय, अकरा वर्षं. तिथे बसून ऐकलं तरच मला खरं कळेल."

दुकानाची रीत अशी होती की जोडी तीन दिवस घरी न्यायची, पटली नाही तर परत आणायची. काकांनी दुसरी आणि तिसरी, दोन्ही नेल्या.

घरी काळी जोडी लावली. श्वास गेला. खुर्ची गेली. व्हायोलिन पुन्हा गोधडीत शिरलं.

काका उठले, वायरी तपासल्या, लाल आणि काळी टोकं उलटी तर नाहीत ना बघितलं. नव्हती. दुसरी जोडी लावली. तीही तशीच. स्पीकर पुढे ओढले, मागे ढकलले, स्टुलावर ठेवले, जमिनीवर ठेवले. दुकानात पोपटासारखी बोलणारी जोडी इथे मूग गिळून बसली होती. दुसऱ्या दिवशीही हाच खेळ.

"अहो, बाईंनी दुकानात एक दाखवली आणि खोक्यात दुसरीच भरली नसेल ना?" काकू म्हणाल्या.

"कापडाचा आडवा ताण तोच आहे."

"मग पाणी कुठेतरी मुरतंय."

तिसरा दिवस शनिवार. काकांना रात्रभर धड झोप नव्हती. उद्या लेकीला काय सांगायचं हा घोर होताच, पण त्याच्या बरोबरीने डोक्यात दुसरा किडा वळवळत होता. जोडी तीच, फोन तोच, रेकॉर्डिंग तेच. मग दुकान ते घर एवढ्या वाटेत आवाज सांडला कुठे?

काकू न्हाऊन बाहेर आल्या, केस पुसत म्हणाल्या, "मघाशी न्हाणीघरात सहज गुणगुणले, तर माझाच आवाज मला बरा वाटला. एरवी माझा गळा म्हणजे फुटकं मडकं."

काका हातातला कप तसाच धरून उभे राहिले.

"तू हॉलमध्ये गुणगुण बघू."

"आत्ता?"

"आत्ताच."

काकूंनी लाजत दोन ओळी म्हटल्या. काकांनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, पुन्हा म्हणायला लावल्या. हॉलमध्ये आवाज ओठांपासून हातभर अंतरावर पडत होता. स्वयंपाकघरात तो फरश्यांवर जाऊन माघारी येत होता.

काकांनी जुना स्पीकर उचलला.

"अहो, नवा घ्या ना. मेलेल्याला कशाला उठवताय?"

"आरोप त्याच्यावर आहे, तर चौकशीही त्याचीच व्हायला हवी."

पंचवीस वर्षांचा तो तपकिरी स्पीकर ओट्यावर कुकरशेजारी बसला. काकांनी लांब वायर ओढून आणली, रेकॉर्डिंग लावलं आणि मागे सरकून दाराला टेकले.

श्वास आला. खुर्ची करकरली. चंदेरी वाटीइतका लखलखीत नसेल, पण स्पीकर ठणठणीत जिवंत होता. काका हसले, आणि पुढच्याच क्षणी त्यांचं हसू मावळलं, कारण आता हात ऐकू येत होता. गज तारेवर टेकल्याबरोबर दाबला जात होता. सूर बाहेर पडायच्या आधीच त्याच्यावर कुणी तळवा ठेवत होतं. हळुवार जागा होत्या तिथेसुद्धा पोरगी ढकलत होती, भरल्या कपाटाचं दार ढकलावं तशी.

"जड आहे," काका म्हणाले. काकूंनाही ऐकू आलं होतं.

काका हॉलमध्ये परत गेले आणि भिंतीवर हात ठेवला. हात आत रुतला.

ती भिंत त्यांच्या हातची सगळ्यात देखणी कामगिरी होती. लेक नऊ वर्षांची असताना व्हायोलिन शिकायला लागली, आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर काठीने छताला ठोकायला लागले. मास्तरांचं चूक नव्हतं. सुरुवातीचं व्हायोलिन शेजाऱ्यांनीच काय, आईबापांनीही सोसायची गोष्ट नव्हे. दुसरा कुणी असता तर भांडला असता नाहीतर क्लास बंद केला असता. काकांनी आपल्याला जे येत होतं ते केलं. तिन्ही भिंतींना पट्ट्या ठोकल्या, त्यावर काथ्या, त्यावर कापसाचे थर, मग फेल्ट, वरून निळी मखमल आणि वीतभर अंतरावर बटणं. दाराला आतून गादी. खिडकीला दुहेरी पडदा. जमिनीवर जाड गालिचा. महिनाभर राबले. काठी थांबली. लोक ती खोली बघायला यायचे, आणि तिच्या जोरावर काकांना दोन वर्षं काम मिळालं.

मग पोरगी त्या खोलीत उभी राहून अकरा वर्षं वाजवत राहिली. वाजवलेला सूर तिच्याकडे कधी परत आलाच नाही. तो कापसात जायचा. ती आणखी जोर लावायची, तोही कापसात जायचा.

आणि काका? काका स्वयंपाकघरात चहा घेत बसलेले असायचे. तिथून बंद दारातून पोरगी विचारायची, "बाबा, ऐकू येतंय का?" आणि ते रोज, न चुकता, कौतुकाने ओरडून सांगायचे, "अजून दाब. इकडे पोचत नाही."

काका मटकन सोफ्यात बसले. सोफाही त्यांनीच बनवलेला, त्यामुळे तोही खोल आत गेला.

"अगं, हात तिचा नाही," ते काकूंना म्हणाले. "मी दिलाय तिला."

"तुम्ही तिच्यासाठीच केलंत."

"तिच्यासाठीच केलं, म्हणून तर जास्त लागतंय."

उद्या विचारल्यावर खरं सांगायचं तर ती व्हायोलिन ठेवून देणार. खोटं सांगायचं तर तिने ज्या एका गोष्टीवर विश्वास टाकला तीच जाणार. काकांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मग उठले, हत्यारांच्या पेटीतून खिळे उपटायची पक्कड काढली आणि पहिलं बटण उचकटलं.

"आधी तिला फोन करा," काकू म्हणाल्या. "मग भिंत सोला."

फोनवर काका एवढंच म्हणाले, "निकाल फोनवर सांगणार नाही. उद्या ये. व्हायोलिन घेऊन ये."

दिवसभर दोघं उपटत होती. पंधरा पोती कापूस निघाला. संध्याकाळी काका दोन्ही जोड्या दुकानात परत घेऊन गेले, आणि मालकीणबाईंना सगळी हकिकत सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, मी तुमच्या घरी येऊन एक टाळी वाजवली असती तरी कळलं असतं. मला सुचायला हवं होतं."

"बरं झालं नाही सुचलं. तुम्ही सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. माझी भिंत होती ती."

रविवारी लेक आली आणि दारातच थबकली. हॉल ओळखू येत नव्हता. मखमल नाही, गालिचा नाही, पडदे नाहीत. उघड्या भिंतींवर खिळ्यांची भोकं, आणि मधोमध नुसती एक लाकडी खुर्ची. तिने "आई, हे काय?" म्हटलं तर तिचाच आवाज चारी बाजूंनी अंगावर आला.

"बाबा, आधी सांगा. जड आहे?"

"आहे," काका म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. काकांनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि भिंतीचं, चहाचं, "अजून दाब"चं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं, बेटा. तू वाईट वाजवत नाहीस. तू भिंतीशी झगडतेस, आणि भिंत आता नाही. एकदा इथे वाजव. मग शाळा घ्यायची की परीक्षा, ते तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही."

तिने उठून खिळ्याच्या एका भोकावर बोट ठेवून पाहिलं. मग तिने व्हायोलिन काढलं, तारा जुळवल्या आणि नेहमीच्या सवयीने गज टेकवला.

सूर कानाखाली वाजवल्यासारखा तिच्यावर उलटला. ती दचकून थांबली. खालून मास्तरांची काठी वाजली, ठक ठक. कितीतरी वर्षांनी वाजली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि काकूंना हसू आवरेना.

काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून आपल्या जुन्या जागी बसले. आपण समोर असलो तर ती आपल्यासाठी वाजवेल, एवढं त्यांना कळत होतं.

आतून पुन्हा सूर आला. दाबलेला. थांबला. पुन्हा आला, जरा कमी दाबलेला. ती चाचपडत होती, अंधारात पायरी शोधावी तशी. काठी एकदा वाजली, मग वाजली नाही. मग एक लांब सूर निघाला. त्यात ढकलणं नव्हतं. गज नुसता तारेवरून चालला होता, आणि बंद दारातून त्याचा कणन्‌कण स्वयंपाकघरात येत होता.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठांवर जुने शब्द आले होते ते त्यांनी गिळले.

"बाबा," आतून तिने विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय," काका म्हणाले. ओरडावं लागलं नाही.