नदीची रुंदी

आमच्या गावची नदी इतकी रुंद, की पलीकडच्या काठावरची शिंक अलीकडे पोचेपर्यंत शिंकणाऱ्याची सर्दी बरी व्हायची, असं मी नातीला लहानपणापासून सांगत आलो. शेवटी तीच मला हट्टाने गावी घेऊन आली. पुलावर उभी राहून म्हणाली, "आजोबा, ही नदी? ही तर मी उडी मारून ओलांडीन!"

पुलाच्या तोंडाशीच माझ्या बालमित्राचं केस कापायचं दुकान आहे. तो कात्री हातात घेऊनच बाहेर आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पोरी, तुझे आजोबा गाव सोडून गेले ना, तेव्हापासून आटलीय बघ ती."

नात खो खो हसली आणि पाणी बघायला खाली उतरली. मी दुकानात जाऊन खुर्चीत बसलो.

"वाचवलंस लेका!"

"त्यात काय? तुझ्यासाठी मी नेहमीच थापा मारतो," माझ्या गळ्याभोवती कापड बांधत तो म्हणाला.

त्याने केस कापायला घेतले, एवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. "हेच का तुमचे ते मित्र? दर वर्षी खास तुमच्याकडे केस कापायला येतात ते?"

कात्री थांबली. गाव सोडल्यापासून मी या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. मित्र आरशातून माझ्याकडे बघत होता.

"हो तर," मी म्हणालो. "दर वर्षी येतो."

आयुष्यभर थापा मारल्या, पण ही एक मारल्यावर आरशात त्याच्याकडे बघवेना. मी खाली बघत राहिलो.

"मान वर कर," मित्र हळूच म्हणाला, "केस वाकडे कापले जातील."